पोल्ट्रीतलं डायॉक्सिन आलं कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीतले लेअर (अंड्यांच्या कोंबड्या) आणि ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्या) पाळणारे, परसात गावरान कोंबड्या पाळणाऱ्या बायका, फीड मिलवाले आणि तालुक्याचे पशुवैद्यक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डायॉक्सिन हे औषध आहे, कीटकनाशक आहे की आणखी काही?

यातलं काहीच नाही. विकण्यासाठी ते कुणी बनवत नाही. पीव्हीसीसारखी क्लोरीन असलेली वस्तू अर्धवट जळाली आणि धूर साधारण २०० ते ४५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात रेंगाळला, की राखेच्या कणांवर ते तयार होतं. जोडीला तांबं असेल तर आणखी जास्त. काही क्लोरीनयुक्त रसायनं बनवतानाही ते भेसळ म्हणून उतरतं.

डायॉक्सिन ७५ आणि त्यांचे भाऊबंद फ्युरान १३५, अशी एकूण २१० संयुगं आहेत. त्यांतली १७ विषारी म्हणून मोजतात. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पूर्वी वापरले जाणारे पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) आहेत. त्यांतले १२ डायॉक्सिनसारखेच वागतात, म्हणून तेही हिशेबात धरतात. म्हणजे पूर्ण रिपोर्टात २९ ओळी हव्यात. एकच आकडा लिहिलेला कागद मिळाला तर बाकीचा तक्ता मागून घ्या. माग काढायचा तो त्या तक्त्यावरूनच (प्रश्न ९).

२. मग ते कोंबडीतच का सापडतं? शेळी-म्हशीत नाही का?

त्यांच्यातही सापडतं. डायॉक्सिन पाण्यात विरघळत नाही, चरबीत मुरतं. कोंबडीचं वेगळेपण दोन गोष्टींत आहे. ती माती उकरते आणि खाद्याबरोबर मातीही गिळते. मोकळ्यावर चरणारी कोंबडी दिवसाला काही ग्रॅमपासून वीस-तीस ग्रॅमपर्यंत माती पोटात घालते. आणि अंगात मुरलेलं ती रोज बलकातून बाहेर टाकते. साठ ग्रॅमच्या अंड्यात साधारण सहा ग्रॅम चरबी असते आणि ती जवळजवळ सगळी बलकात असते.

३. किती आलं म्हणजे जास्त?

जगभर तुलनेला युरोपीय संघाचे आकडे धरतात. अंड्यांसाठी चरबीच्या दर ग्रॅमला डायॉक्सिन-फ्युरान २.५ पिकोग्रॅम टीईक्यू, आणि पीसीबी धरून ५ पिकोग्रॅम. कोंबडीच्या मांसासाठी तेच आकडे १.७५ आणि ३. तयार खाद्यासाठी किलोमागे ०.७५ नॅनोग्रॅम, आणि पीसीबी धरून १.५. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. अंड्यात नुसतं डायॉक्सिन-फ्युरान १.७५ च्या वर गेलं, तरी तिथे माग काढायला सुरुवात करतात. मर्यादा ओलांडायची वाट बघत नाहीत.

टीईक्यू म्हणजे सगळी चिल्लर रुपयांत मोजणं. सगळ्यांत जहाल २,३,७,८-टीसीडीडी हा पूर्ण रुपया. २,३,४,७,८-पेंटाक्लोरोफ्युरान तीस पैसे, पीसीबी-१२६ दहा पैसे, आणि आठ क्लोरीनवालं ओसीडीडी एका पैशाचा तेहतिसावा भाग.

रिपोर्टावर २.७ आला म्हणून लगेच मर्यादा ओलांडली असं होत नाही. शेजारी लिहिलेली अनिश्चितता वजा करून बघतात. ती ०.५ असेल तर निकाल काठावरचा आहे. माल फेकण्याआधी दुसरा नमुना द्या.

४. कोंबडीकडे बघून कळतं का? पिलांच्या पोटात पाणी झालंय.

बहुतेक वेळा कळत नाही. जिच्या अंड्यात मर्यादेच्या कितीतरी पट डायॉक्सिन आहे ती कोंबडीही ठणठणीत दिसते. विषाचा मोठा डोस गेला तरच हृदयाभोवती आणि पोटात पाणी साचतं, माना टाकून पिलं मरतात, उबवणीची टक्केवारी घसरते. १९५७ मध्ये अमेरिकेत असेच लाखो ब्रॉयलर मेले. खाद्यात मिसळलेली चरबी विषारी निघाली, पण नेमकं रसायन हाती लागायला पुढे कित्येक वर्षं गेली.

तुमच्या शेडमधलं पाणी मात्र बहुधा साधा जलोदर असतो. थंडीत पडदे घट्ट लावले, अमोनिया साठला, वाढ जोरात असली की चौथ्या-पाचव्या आठवड्यात तो होतोच. खाद्यात मीठ जास्त पडलं तरी पोटात पाणी होतं. मिठाची तपासणी स्वस्त आहे, आधी ती करा. डायॉक्सिनची शंका कधी घ्यायची? एकाच मिलचं खाद्य घेणाऱ्या चार-पाच शेडवर एकाच पंधरवड्यात हे दिसलं आणि त्याच वेळी हॅचरीची टक्केवारी पडली, तर.

५. रिपोर्ट जास्त आलाय. पहिल्या दिवशी काय करायचं?

खाद्य बदलू नका. निदान नमुना काढेपर्यंत तरी नाही. घाबरून लोक सगळ्यात आधी खाद्यच बदलतात, उरलेली पोती परत पाठवतात आणि पुरावा स्वतःच्या हाताने गाडीत भरून देतात.

अंडी बाजूला ठेवा, विक्री थांबवा. चालू खाद्याचा नमुना काढा (प्रश्न १६). मग रिकामी पोती शोधा. पोत्याच्या तोंडाशी शिवणीत अडकवलेली चिठ्ठी असते, तिच्यावर बॅच नंबर आणि तारीख असते. पोतं उघडताना दोरा ओढला की चिठ्ठी खाली पडते आणि झाडून केरात जाते. तेवढा कागद नसला तर मिलवाला सांगेल तीच बॅच खरी मानावी लागते. फीडरच्या तळाला चिकटलेला चुरा, सायलोच्या कोपऱ्यातला जुना थर हेही काढून वेगळं ठेवा. आधीच्या बॅचचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

मग वहीत लिहा: पक्षी कधी आणले, कुठून, किती आठवड्यांचे, तूस कधी बदललं, कुठलं, औषध-प्रिमिक्स (जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण) काय दिलं, शेडच्या आसपास काय जाळलं. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. अंडी बाजारात गेली असतील तर अन्न व औषध प्रशासनालाही.

६. शेजारी धुराडं आहे. शोध तिथून सुरू करायचा का?

नाही. धुराडं डोळ्यांना दिसतं म्हणून सगळे तिकडेच बोट दाखवतात. कोंबडी हवेतून जे घेते ते चोचीतून घेते त्याच्या मानाने नगण्य असतं. धूर मातीवर, गवतावर बसला आणि ते तिने खाल्लं तर गोष्ट वेगळी. पण पिंजऱ्यातल्या लेअरच्या वाट्याला माती येतच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. पिंजरा असेल तर खाद्य, मग खाद्यात वरून टाकलेलं काही, मग पक्षी आले ती जागा. डीप लिटर (तूस-भुश्याच्या जाड थरावर पाळलेले पक्षी) असेल तर खाद्य आणि लिटर म्हणजे तो थर, दोन्ही. मोकळ्यावरच्या कोंबड्या असतील तर माती आणि राख आधी, खाद्य नंतर. एक साधी परीक्षा आहे. तेच खाद्य घेणाऱ्या दुसऱ्या दोन शेडची अंडी तपासा. तीही वर असतील तर दोष पोत्यात आहे, तुमच्याच शेडची वर असतील तर दोष तुमच्या आवारात. विटा भागात एकेका गावात डझनावारी शेड आहेत, त्यामुळे अशी जोडी शोधायला लांब जावं लागत नाही.

७. खाद्यातल्या कुठल्या घटकावर संशय घ्यायचा? मका-सोया तर आमच्या डोळ्यांदेखत येतो.

मका-सोयाचा दाणा क्वचितच दोषी असतो. दोषी असतं ते त्यात थोडं थोडं मिसळलेलं, किंवा दाण्यावर झालेली प्रक्रिया. आजवरची मोठी प्रकरणं बघितली की हे लक्षात येतं.

तेल आणि चरबी सगळ्यांत वरती. १९६८ मध्ये जपानात राइस ब्रॅन तेलाच्या कारखान्यात गरम करण्याच्या नळीतलं पीसीबी तेलात गळलं. तेलाचा काळा उरलेला भाग कोंबडीखाद्यात गेला आणि सुमारे ४ लाख कोंबड्या मेल्या. तेच तेल खाऊन माणसं आजारी पडल्याचं त्यानंतर काही महिन्यांनी उघड झालं. कोंबड्यांच्या मरणाचा माग तेव्हाच नीट काढला असता तर, असं राहून राहून वाटतं. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये गोळा केलेल्या वापरलेल्या चरबीत ट्रान्सफॉर्मरचं तेल मिसळलं गेलं. जानेवारीत भेसळ, फेब्रुवारी-मार्चमध्ये उबवण घसरली, आणि लोकांना कळलं मेच्या शेवटी. दोन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. २०१०-११ मध्ये जर्मनीत बायोडिझेलच्या धंद्यातली, कारखान्यासाठीची फॅटी अॅसिडं खाद्याच्या चरबीत मिसळली आणि चार हजारांहून जास्त फार्म बंद ठेवावे लागले. आपल्याकडे स्वस्तात मिळणारं अॅसिड ऑइल, हॉटेलचं वापरलेलं तेल किंवा बिनलेबलच्या पिंपातलं ‘फीड ग्रेड’ तेल घेताना हे आठवावं.

माती आणि खनिजं त्यानंतर. १९९७ मध्ये अमेरिकेत मिसिसिपीतली बॉल क्ले सोयापेंडीचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून वापरली होती. त्या मातीत लाखो वर्षांपासून नैसर्गिक डायॉक्सिन होतं, ते कोंबड्यांत आणि कॅटफिश माशांत उतरलं. टॉक्सिन बाइंडर (खाद्यातलं बुरशीचं विष बांधून ठेवायला घालतात ते) म्हणून मिळणारी पांढरी-करडी माती नेमकी कुठली, हे पुरवठादाराला विचाराच. २००८ मध्ये चिलीत झिंक ऑक्साइडमधून डायॉक्सिन डुकरांत गेलं. भंगार धातू भाजून काढलेलं झिंक किंवा कॉपर सल्फेट याच कारणाने संशयास्पद. हाडांपासून बनवलेल्या डीसीपीत (डायकॅल्शियम फॉस्फेट) वापरलेलं हायड्रोक्लोरिक अॅसिड कुठलं, तेही विचारा; २००६ मध्ये युरोपात जिलेटिनच्या कारखान्यात तिथेच चूक झाली होती.

वाहक म्हणजे कॅरिअर तर कुणाच्या लक्षातच येत नाही. कोलीन क्लोराइड हे खाद्यात घालायचं पोषक द्रव असतं, ते मक्याच्या बुरकुंड्याच्या चुऱ्यावर किंवा तत्सम भुश्यावर शोषून पावडर करतात. २००० मध्ये स्पेनमधून आलेल्या कोलीनमध्ये लाकडाला लावायच्या पेंटाक्लोरोफेनॉलची बाधा झालेला भुसा निघाला. आपल्याकडचंही उदाहरण आहे. २००७ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या ग्वार गममध्ये पेंटाक्लोरोफेनॉल आणि डायॉक्सिन सापडलं.

शेवटी वाळवणी. आयर्लंडमध्ये २००८ साली बेकरीतले पावाचे तुकडे वाळवायला दूषित इंधन वापरलं, ज्वाळेचा धूर थेट मालावर गेला आणि देशभरचं डुकराचं मांस परत मागवावं लागलं. पावसाळी मका ड्रायरवर वाळवून घेत असाल तर ड्रायर थेट धुराचा आहे की हीट एक्स्चेंजरचा, आणि भट्टीत काय घालतात, हे स्वतः जाऊन बघा. जळकं इंजिन ऑइल, रबर, प्लास्टिक दिसलं तर तो मका घेऊ नका.

८. घटक दहा-बारा. सगळे तपासायला परवडत नाही. कमी कसे करायचे?

प्रमाण उलटं फिरवा. समजा तयार खाद्यात किलोमागे ०.७५ नॅनोग्रॅम सापडलं. हे सगळं एकाच घटकातून आलं असेल, तर त्या घटकात किती असायला हवं?

मका ६० टक्के: ०.७५ भागिले ०.६०, म्हणजे १.२५ नॅनोग्रॅम. तेल २ टक्के: ३७.५. बाइंडर टनाला २ किलो: ३७५. कोलीन टनाला १ किलो: ७५०. मक्याला सव्वा पुरतो, कोलीनला साडेसातशे लागतात. म्हणून खाद्यातला आकडा थोडाच वर असेल तर आधी जास्त प्रमाणातले घटक (मका, कोंडा, पेंड, तेल) आणि त्यांची वाळवणी बघा. खाद्यात आकडा दहा-वीसपट असेल तर मका सोडा, तेल आणि कॅरिअर पकडा.

मग फॉर्म्युला बदललेल्या तारखा काढा. ज्या बॅचपासून आकडा चढला त्या बॅचला कुठला पुरवठादार नवा होता? बहुतेक वेळा यादी दोन-तीन घटकांवर येते. मिश्रणाचा क्रमही बघा. प्रिमिक्सनंतर मिक्सर धुतला नाही तर पुढच्या दोन-तीन बॅचमध्येही अंश उतरतो आणि निर्दोष फॉर्म्युल्यावर आळ येतो.

९. रिपोर्टातल्या तक्त्यावरून उगम ओळखता येतो म्हणतात. कसा?

प्रत्येक उगमाची ठेवण वेगळी असते. ढोबळ ओळख अशी:

पेंटाक्लोरोफेनॉल असेल तर सहा, सात, आठ क्लोरीनची डायॉक्सिन जास्त, आणि त्यांच्यासोबत सात-आठ क्लोरीनचे फ्युरानही. बॉल क्ले असेल तर डायॉक्सिन भरपूर, ओसीडीडी सगळ्यांत उंच, पण फ्युरान जवळपास नाहीत. एवढी स्वच्छ खूण दुसऱ्या कुठल्या उगमाची नाही. कचरा-तारा जाळल्या असतील तर फ्युरान डायॉक्सिनपेक्षा वरचढ, विशेषतः २,३,४,७,८-पेंटाक्लोरोफ्युरान. ट्रान्सफॉर्मरचं तेल असेल तर पीसीबी-१२६, ११८, १५६ आणि फ्युरान दोन्ही वर, शिवाय २८, ५२, १०१, १३८, १५३, १८० हे सहा नेहमीचे पीसीबीही उड्या मारलेले.

फसगत इथे होते: अंड्याचा तक्ता आणि खाद्याचा तक्ता हुबेहूब जुळत नाही. आठ क्लोरीनवालं ओसीडीडी कोंबडीच्या आतड्यातून फारच कमी शोषलं जातं, चार-पाच क्लोरीनवाली जास्त. त्यामुळे खाद्यात ओसीडीडीचा डोंगर असला तरी अंड्यात तो टेकडीएवढा दिसतो. अंड्यावरून बॉल क्लेला निर्दोष ठरवू नका, खाद्याचा तक्ता बघा.

१०. खाद्याचा रिपोर्ट मर्यादेत, तरी अंडी मर्यादेबाहेर. लॅबची चूक ना?

गरजेचं नाही. हिशेब करून बघा. लेअर दिवसाला ११० ग्रॅम खाते. खाद्यात किलोला ०.७५ म्हणजे मर्यादेवरच असेल तर रोज सुमारे ८२ पिकोग्रॅम पोटात जातात. त्यातले ढोबळमानाने निम्मे अंड्यात उतरतात असं धरलं तर ४१. भागिले सहा ग्रॅम चरबी: जवळपास ७ पिकोग्रॅम. म्हणजे मर्यादेतलं खाद्य महिना-दोन महिने खाऊन अंडं मर्यादेच्या पावणेतीनपट. खाद्याची मर्यादा अंड्याची हमी देत नाही. अंडं २.५ च्या आत हवं असेल तर खाद्य ०.२७ च्या आत असलेलं बरं.

११. लिटरमधून येतं का? आम्ही भाताचं तूस वापरतो.

तूस सहसा निर्दोष. भीती असते लाकडाच्या भुश्याची आणि रंध्याच्या सालपटांची, तीही पॅलेट, खोकी, जुने दरवाजे कापणाऱ्या वखारीतल्या. लाकडाला कीड-बुरशी लागू नये म्हणून पेंटाक्लोरोफेनॉल लावत. भारतात त्यावर बंदी आहे, पण जुनं आणि बाहेरून आलेलं लाकूड कुणी तपासत नाही. पिलं लिटर टिपतात, त्यामुळे ते सरळ पोटात जातं.

याची एक खूण नाकाला कळते. लिटरमधल्या बुरश्या पेंटाक्लोरोफेनॉलपासून क्लोरोअॅनिसोल बनवतात आणि त्याचा कुबट वास शिजवलेल्या मांसाला येतो, बंद घरातल्या ओल्या पोत्यासारखा. गिऱ्हाईक ‘कोंबडीला वास मारतो’ म्हणाला तर फ्रीजरला दोष देण्याआधी भुसा कुठून आला ते विचारा.

१२. आमच्या गावरान कोंबड्या घरचंच खातात. त्यांना काय धोका?

पिंजऱ्यातल्यापेक्षा जास्त. किलोला २ ते ४ नॅनोग्रॅम डायॉक्सिन असलेली माती, जी इतर सगळ्या कामांना स्वच्छच म्हणतात, ती रोज दहा ग्रॅम खाल्ली तरी अंडं मर्यादेजवळ किंवा पलीकडे जातं. प्रश्न १० चा हिशेब मातीला लावून बघा.

आणि ही माती कुठली? उकिरड्याची. घरातला केर, पिशव्या, चपला, औषधाचे पत्ते उकिरड्यावर पेटवायचे आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्यांनी तिथेच उकरायचं, हे बहुतेक वाड्यांत चालतं. जुन्या तारा जाळून तांबं काढण्याची जागा त्याहून वाईट, कारण पीव्हीसी आणि तांबं दोन्ही एकाच जाळात. उत्सर्जनाचा अंदाज बांधायला संयुक्त राष्ट्रांच्या टूलकिटमध्ये टनामागे हवेत जाणारे मायक्रोग्रॅम दिले आहेत: उसाचं पाचट ४, घरचा कचरा ४०, तारा १२,०००. भंगारवाल्याने दोन-तीनदाच तारा जाळलेला कोपरा पुढची अनेक वर्षं कोंबड्यांना बंद हवा.

राखेचं वेगळं सांगायला हवं. उवा-गोचीड जावेत म्हणून खुराड्यात राख पसरतात, कोंबड्या त्यात लोळतात, पंख साफ करताना चोचीने खातातही. नुसत्या लाकडाच्या चुलीची राख असेल तर ठीक. चूल पेटवताना रॉकेलऐवजी प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा लावायची सवय असेल, तर ती राख खुराड्यात टाकू नका. ज्या जाळात रंगवलेलं लाकूड गेलं तीही नको.

१३. गुऱ्हाळ, वीटभट्टी, पाचट जाळणं यांचं काय?

इंधनावर अवलंबून. कोरडं चिपाड चुलवाणात जोरात जळत असेल तर फार काळजी नाही. चिपाड ओलं म्हणून टायर, रेक्झिन, कारखान्यातल्या फोमच्या चिंध्या घालत असतील तर आहे, आणि मग धुरापेक्षा राखेची जास्त. ती राख शेतात, बांधावर कुठे टाकतात ते बघा. पाचट पेटवण्याचे तोटे वेगळे आहेत, डायॉक्सिनच्या यादीत ते वर येत नाही. तक्रार द्यायची तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय सांगलीतही आहे, साताऱ्यातही.

१४. शेडमागे डीपी आहे, तेल गळतं. कोंबड्या तिथे फिरतात.

आधी कुंपण घाला, चौकशी नंतर. आपल्याकडच्या बहुतेक ट्रान्सफॉर्मरमध्ये खनिज तेल असतं, शुद्ध पीसीबी नाही. पण दुरुस्तीच्या वेळी एकाच पंपाने, एकाच टाकीतून तेल फिरवलं जातं आणि जुन्या पीसीबीचा अंश चांगल्या तेलात मिसळतो. भारतात २०१६ च्या आदेशाने पीसीबी बनवण्या-आणण्यावर बंदी आली, आणि ते असलेली यंत्रं वापरायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. गळलेलं तेल भुश्याने टिपून तो भुसा लिटरमध्ये टाकणं, किंवा शेडच्या खांबांना वाळवीसाठी जुनं डीपीचं तेल लावणं, हे दोन्ही बंद.

१५. पुराचं पाणी शेडपर्यंत आलं होतं. गाळाचं काय करायचं?

२०१९ च्या ऑगस्टसारखा पूर असेल तर गाळाबरोबर वरच्या भागातलं काय काय येतं, आणि ओसरल्यावर भिजलेल्या गाद्या-वायरिंगच्या होळ्या पेटतात त्या निराळ्या. ताज्या गाळावर कोंबड्या सोडू नका. गाळ खरवडून काढा, जमत नसेल तर नांगरून खाली घाला आणि वर स्वच्छ मुरूम टाका. भिजलेलं खाद्य वाळवून वापरायचा मोह होतो. त्यात डायॉक्सिनआधी बुरशीचं विष असेल, तेव्हा तो विषयच सोडा.

१६. नमुना कसा घ्यायचा?

अंडी: किमान १२, शेडच्या वेगवेगळ्या ओळींतून, एकाच दिवसाची. कच्चीच पाठवा.

खाद्य: एका पोत्यातून नको. दहा-बारा पोत्यांच्या वर-मध्ये-खालून थोडं थोडं घ्या, ताडपत्रीवर नको, कोऱ्या अॅल्युमिनियम फॉइलवर एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, असं दोनदा-तीनदा. शेवटी अर्ध्या किलोचे तीन सारखे नमुने: एक लॅबला, एक मिलला, एक तुमच्याकडे सीलबंद.

माती: वरची पाच सेंटिमीटरच. खुराड्याचं तोंड, लोळण्याची जागा, उकिरडा हे वेगवेगळे नमुने, प्रत्येकात दहा ठिकाणची माती. सगळ्या आवाराची माती एकत्र केली तर गरम जागा थंड मातीत बुडून जाते आणि निकाल ‘ठीक’ येतो. माग काढताना ही चूक सर्रास होते.

भांडं काचेचं, रुंद तोंडाचं, झाकणाखाली फॉइल. प्लास्टिकची पिशवी, वर्तमानपत्र, जुनी लोणच्याची बरणी नको. अंधारात, थंड ठेवा. डायॉक्सिन काही दिवसांत उडून जात नाही. जपायचं ते अंडी आणि चरबी सडू नये म्हणून.

१७. तपासणी कुठे होते? जिल्ह्यात होईल का?

नाही. उच्च क्षमतेचं गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री यंत्र लागतं, आणि प्रत्येक संयुगाचं कार्बन-१३ वालं प्रमाणद्रव्य लागतं. तिरुअनंतपुरमच्या सीएसआयआर-एनआयआयएसटी संस्थेत यासाठी खास विभाग आहे. कुठल्याही लॅबला विचारताना ‘२९ संयुगांचा तक्ता आणि चरबीवर आधारित निकाल द्याल का’ हे आधी विचारा. शवविच्छेदन आणि इतर रोग वगळण्यासाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

खर्च वाचवायची वाट आहे. सहा नेहमीचे पीसीबी आणि पेंटाक्लोरोफेनॉल ही दोन तपासण्या डायॉक्सिनपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात आणि जास्त लॅबमध्ये होतात. १९९९ च्या प्रकरणात उगम तेलाचा हे कळल्यावर बेल्जियमने पुढचे हजारो नमुने पीसीबीवरच चाळले. पण ही चाळणी आहे. पीसीबी कमी आले म्हणून जळणाचं डायॉक्सिन नाही असं म्हणता येत नाही.

१८. उकडून, तळून जातं का?

नाही. ते मोडायला ८५० अंशांच्या वर तापमान आणि तिथे दोन सेकंद राहणं लागतं. मांसातली चरबी गळून गेली तर तिच्याबरोबर थोडं जातं. अंड्याच्या पांढऱ्यात जवळपास नसतंच.

१९. उगम बंद केला. अंडी कधी स्वच्छ होतील?

पहिल्या दोन आठवड्यांत आकडा भराभर उतरतो, मग वेग मंदावतो आणि पुढचं निम्मं व्हायला महिना-दोन महिने लागतात. मर्यादेच्या दुप्पट असेल तर थांबण्यात अर्थ आहे, दहापट असेल तर पक्षी ठेवून खाद्य घालणं तोट्याचं. अंडी देणं बंद झालेली कोंबडी स्वच्छ होत नाही, तिचा बाहेर टाकायचा रस्ताच बंद झालेला असतो. मोल्टिंगवर (पिसं झडवून अंडी थांबवून) ठेवून फायदा नाही. दर तीन आठवड्यांनी एक नमुना पुरतो.

२०. त्या लॉटचं कोंबडखत द्राक्षाला किंवा उसाला घालावं का?

द्राक्षाच्या घडात किंवा उसाच्या रसात ते मुळावाटे चढत नाही म्हटलं तरी चालेल. भोपळा-दोडक्याचे वेल मात्र मातीतून ओढून घेतात, त्यांना नको. आणि ज्या रानात खत पडलं तिथे पुढे कोंबड्या चारायला सोडू नका, नाहीतर चक्र पुन्हा तिथेच.

२१. करारावरचा ब्रॉयलर आहे, खाद्य कंपनीचं. मी नमुना ठेवू शकतो का?

ठेवाच. गाडी उतरवताना प्रत्येक बॅचचा अर्धा किलो नमुना, बरणीवर चिठ्ठी चिकटवून, चालकाची पावतीवर सही. लॉट विकून झाल्यावर तीन महिने ठेवा. नमुना देताना-घेताना वाद नको म्हणून हे करारातच लिहून घेतलेलं बरं. ब्रॉयलर सहा आठवड्यांत जातो, रिपोर्ट यायच्या आत शेड रिकामी असते. बरणी नसेल तर हातात काहीच उरत नाही.

२२. खाद्य, लिटर, माती सगळं स्वच्छ निघालं. तरी अंडी वर. आता?

तीन शक्यता बघा. एक, दोषी बॅच संपून गेली आणि तुम्ही तपासली ती नंतरची. प्रश्न १९ प्रमाणे अंडी मागे रेंगाळतात. सायलोच्या कोपऱ्यातला थर इथे कामाला येतो. दोन, अंडी तुमची एकट्याची नव्हती. ट्रे भरताना शेजारच्या गावरान अंड्यांची भर घातली असेल तर नमुनाच भेसळीचा. तीन, पक्षी १६-१८ आठवड्यांचे तयार तलंगे म्हणून आणले असतील तर ते आधीच भरून आले होते. पहिल्या महिन्यातली अंडी वर आणि पुढे आपोआप उतरत गेली, तर तलंगे वाढवले त्या फार्मचं खाद्य आणि ब्रूडिंगची बुखारी (पिलांना ऊब द्यायची शेगडी) बघायला जा. बुखारीत लाकूड संपल्यावर काय घालतात, हे तिथल्या गड्याला विचारा, मालकाला नाही.